मागे थांबणाऱ्याचे कसब

ब्राझीलच्या फुटबॉलचा इतिहास आपल्यापर्यंत पोचतो तो गोल करणाऱ्यांच्या नावांनी. पेले, गारिंचा, झिको, रोमारियो, रोनाल्डो. या नावांच्या जोडीने एक समजूतही घट्ट बसली आहे. बचाव फळीच्या पुढ्यात उभा राहणारा, समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घेणारा आणि तो जवळच्या सहकाऱ्याकडे सोपवून पुन्हा आपल्या जागी जाणारा बचावात्मक मध्यरक्षक मूळचा ब्राझीलचा नव्हेच, असे ही समजूत सांगते. शिस्त, ताकद, हिशेब हे सगळे युरोपचे. १९८२चा विश्वचषक हातचा गेल्यावर धास्तावलेल्या ब्राझीलने ते उसने आणले आणि आपल्या खेळाचे सौंदर्य गमावले. खुद्द ब्राझीलमध्ये ही मांडणी इतकी रुळली, की १९९०च्या विश्वचषकात अर्जेंटिनाकडून हरून संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यानंतर घरी परतला, तेव्हा त्या साऱ्या कालखंडाला तिथल्या वृत्तपत्रांनी ‘डुंगा पर्व’ म्हणून हिणवले. एका मध्यरक्षकाचे नाव आरोपासारखे वापरले गेले. मला ही मांडणी चुकीची वाटते, आणि ती का चुकीची हे दाखवायला मौरो सिल्वाच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण नाही. १९९२ ते २००५ असे १३ हंगाम तो स्पेनच्या वायव्य टोकावरच्या ला कोरुन्या शहरात, डेपोर्तिवो या एकाच क्लबकडून खेळला. त्याला युरोपने घडवले नाही. ब्राझीलमध्ये तयार झालेले कसब घेऊन तो तिथे गेला, आणि त्या कसबाची गरज निर्माण झाली होती ती ब्राझीलच्या मोकळ्या, आक्रमक खेळातूनच.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आधी मांडायला हवा. १९३७मध्ये रिओच्या फ्लामेंगो क्लबने डोरी कुर्शनर या हंगेरियन प्रशिक्षकाला बोलावले. युरोपात तेव्हा रूढ झालेली डब्ल्यू-एम रचना त्याला फ्लामेंगोत बसवायची होती. या रचनेत मैदानाच्या मध्यावर खेळणाऱ्याने मागे सरकून दोन फुलबॅकच्या मधोमध उभे राहायचे असते. फ्लामेंगोत ती जागा फॉस्टो दोस सांतोसची होती. १९३०च्या पहिल्या विश्वचषकात खेळलेला, आपल्या लालित्यासाठी नावाजलेला, मधल्या काळात बार्सिलोना आणि झुरिच इथे राहून आलेला हा खेळाडू. त्याने मागे जायला साफ नकार दिला. मैदानाचा मध्य सोडून आडोशाला जाणे त्याला आपला अपमान वाटला असणार. क्लब मात्र प्रशिक्षकाच्या बाजूने उभा राहिला. फॉस्टोला क्षयाने ग्रासले आणि १९३९मध्ये तो वारला. १९३८मध्ये कार्लोस वोलान्ते हा अर्जेंटिनाचा खेळाडू इटली आणि फ्रान्समधल्या क्लबांची वारी करून फ्लामेंगोत दाखल झाला होता. ब्राझीलमध्ये या जागेला आजही त्याच्याच आडनावाने ओळखतात. प्रशिक्षक युरोपचा, ती भूमिका रुजवणारा युरोपातून आलेला परका, आणि नकार देणारा तेवढा ब्राझीलचा. उसनवारीच्या मांडणीला याहून सोयीची सुरुवात मिळणार नाही.

पण एखादी कल्पना कुठून आली आणि ती कशामुळे टिकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९५०च्या दशकात ब्राझीलने चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू अशी रचना पक्की केली. या रचनेत मध्यावर दोघेच उरतात. त्यात ब्राझीलचे फुलबॅक युरोपातल्या फुलबॅकसारखे जागेवर खिळलेले नव्हते. १९५८च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाविरुद्ध डावा बचावपटू निल्टन सांतोस स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला आणि थेट गोल करूनच थांबला. तो पुढे गेला की त्याच्या मागची जागा मोकळी, आणि पुढचे चौघे तर परत येणारच नाहीत. मग ती जागा कुणी राखायची? प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी पहिल्या दोन सामन्यांत मध्यावर दिदीच्या जोडीला डिनो सानीला खेळवले. सोव्हिएत संघाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात त्यांनी संघ बदलला. तो सामना जगाच्या लक्षात आहे, कारण त्या दिवशी पेले आणि गारिंचा विश्वचषकात पहिल्यांदा उतरले. त्याच दिवशी तिसरा एक खेळाडूही त्यांच्याबरोबर संघात आला, सांतोस क्लबचा झिटो. आघाडीवर दोन मोकाट प्रतिभावंत आणले त्याच वेळी त्यांच्या मागे झिटोही आला, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. त्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत झिटोने जागा सोडली नाही. चार वर्षांनी सांतियागोत चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध अंतिम सामना १-१ असा अडकला होता, तेव्हा आघाडी मिळवून देणारा हेडर त्याचाच.

१९७०च्या संघाबद्दल तर कुणीच सौंदर्याची तक्रार करणार नाही. त्या संघात हे काम २० वर्षांच्या क्लोडोआल्डोकडे होते. अंतिम सामन्यात इटलीला बरोबरी साधून दिली ती त्याच्याच निष्काळजी टाचेच्या पासने. आणि ज्या चौथ्या गोलाची चित्रफीत आजही पुन्हा पुन्हा पाहिली जाते, त्याची सुरुवातही त्याच्यापाशीच होते. आपल्याच अर्ध्या मैदानात तो एकामागून एक चार इटालियनांना हुलकावणी देतो आणि चेंडू रिवेलिनोकडे सोपवतो. तिथून चेंडू जाइर्झिन्यो आणि पेले यांच्याकडून कार्लोस आल्बेर्तोपर्यंत पोचतो. हा गोल करणारा कार्लोस आल्बेर्तो उजवा फुलबॅक होता. सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत फुलबॅक समोरच्या गोलपाशी पोचू शकतो, कारण आपल्यामागे कुणीतरी आहे याची त्याला खात्री असते. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये मागे थांबणारा आणि पुढे धावणारा ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत.

हे कसब घरी होते, तर युरोपने ते इतकी वर्षे का नेले नाही? कारण युरोप दुसरेच काही विकत घेत होता. फिओरेन्तिनाने झुलिन्योला नेले, बार्सिलोनाने एव्हारिस्तोला, अॅटलेटिको माद्रिदने वावाला, मिलानने अल्ताफिनीला. झिटो कधीच युरोपात खेळला नाही, क्लोडोआल्डोही नाही. ठळक अपवाद डिनो सानीचा. झिटोने ज्याची जागा घेतली तोच सानी १९६१मध्ये मिलानला गेला आणि १९६३मध्ये वेम्बलीवर युरोपियन कप जिंकणाऱ्या संघात होता. पुढे इटलीने परदेशी खेळाडूंना दारे बंद केली, ती १९८०मध्ये उघडली. मग रोमाने फाल्काओला नेले, तीन वर्षांनी टोनिन्यो सेरेझोलाही. पण हे दोघे मागे थांबणाऱ्यांतले नव्हते. मागून उठून पुढे जाणे हेच त्यांचे वैभव होते. म्हणूनच ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनातल्या सारिया मैदानावर जे झाले, त्याची इतकी चर्चा होते. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. सेरेझोने आपल्या बचावासमोर आडवा दिलेला पास पाओलो रॉसीने मध्येच पकडला आणि इटलीचा दुसरा गोल झाला. फाल्काओच्या अप्रतिम फटक्याने २-२ झाल्यावरही संघ पुढेच जात राहिला आणि शेवटी ३-२ असा हरला. बॅतिस्तासारखा मागे थांबणारा मध्यरक्षक त्या वेळी मैदानावर नव्हता. इथे मात्र हात आवरायला हवा. इटलीचा तिसरा गोल कॉर्नरवरून झाला, आणि कॉर्नरवरचा गोल कुणा एका मध्यरक्षकाच्या नसण्यावर लादता येत नाही. १९८२चा सामना माझ्या बाजूचा निर्णायक पुरावा नाही. ती रचना मोडण्याची किंमत किती असू शकते, एवढेच तो दाखवतो.

निर्णायक पुरावा वेगळा आहे आणि तो ब्राझीलच्या पत्रकारांनीच लिहून ठेवला आहे. ‘प्लाकार’ हे तिथले क्रीडानियतकालिक राष्ट्रीय स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यात प्रत्येक खेळाडूला गुण देत असे आणि हंगामाच्या शेवटी सर्वोत्तम ठरलेल्याला सुवर्णचेंडू देत असे. १९७७ आणि १९८० साली हा मान सेरेझोला मिळाला, १९७८ आणि १९७९मध्ये फाल्काओला. ते दोघे पुढे जाणारे होते म्हणून बाजूला ठेवू. १९९० आणि १९९३मध्ये सेझार साम्पायोला आणि १९९१मध्ये मौरो सिल्वाला तो मिळाला, आणि हे दोघे शुद्ध मागे थांबणारे. डुंगाच्या नावाने बोटे मोडली जात होती नेमक्या त्याच वर्षांत, सामना समोर घडत असताना गुण देणाऱ्यांनी अशा मध्यरक्षकांना देशातले सर्वोत्तम ठरवले. लेख लिहिताना माणूस समजुतीच्या आहारी जातो. पण ९० मिनिटे पाहून आकडा टाकायचा असला की त्याला समोर दिसते तेच लिहावे लागते. मी अग्रलेखांपेक्षा या गुणांवर अधिक विश्वास ठेवतो.

मौरो सिल्वाचा जन्म १९६८चा, साओ पाउलोलगतच्या साओ बेर्नार्डो दो काम्पो या मोटार कारखान्यांच्या शहरातला. कांपिनासच्या ग्वारानी क्लबमधून तो ब्रागान्तिनोला गेला. ब्रागान्सा पाउलिस्ता या लहान गावचा हा क्लब, पण १९९०मध्ये वांदरलेय लक्झेम्बुर्गो यांच्या हाताखाली त्याने साओ पाउलो राज्याची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात समोरचा संघही राजधानीबाहेरचाच, नोव्होरिझोंतिनो. पाल्मेइरास, कोरिंथियन्स, सांतोस आणि साओ पाउलो हे चारही बडे क्लब बाहेर राहिले, ही त्या राज्याच्या फुटबॉलमध्ये अपूर्व गोष्ट होती. पुढच्या वर्षी कार्लोस आल्बेर्तो पारेरा प्रशिक्षक झाले आणि ब्रागान्तिनो राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. तिथे टेले सांताना यांच्या साओ पाउलोने दोन सामन्यांत मिळून एकमेव गोल करून विजेतेपद घेतले. म्हणजे १९८२च्या त्या स्वप्नवत संघाच्या प्रशिक्षकासमोर ब्रागान्तिनोने १८० मिनिटांत एकच गोल खाल्ला. त्याच सुमारास मौरो सिल्वाला राष्ट्रीय संघात बोलावले ते तेव्हाच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाने, आणि तो प्रशिक्षक होता फाल्काओ. ज्याच्या नावाने पुढे जाणाऱ्या मध्यरक्षकाचे गोडवे गायले जातात, त्यानेच मागे थांबणाऱ्याची निवड केली. हे सगळे घडले तेव्हा मौरो सिल्वाने युरोपातल्या एकाही क्लबचा सदरा अंगावर चढवला नव्हता.

डुंगाचे उदाहरण देऊन कुणी म्हणेल, की तो तर पिसा, फिओरेन्तिना, पेस्कारा असा इटलीत वर्षानुवर्षे खेळला, मग त्याच्यावर युरोपचे संस्कार झाले नाहीत का? झाले, ते मान्य. इटलीतल्या पाच-सहा हंगामांनी त्याचा खेळ टणक झाला असेल. पण डुंगा युरोपात गेला तोही मागे थांबणारा म्हणूनच, १९८७मध्ये, इंटरनासिओनाल, सांतोस, वास्को अशा क्लबांतून खेळून. त्याच्यावरून वाद घालता येतो. मौरो सिल्वावरून येत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा साक्षीदार आहे.

१९९२चे ला कोरुन्या फुटबॉलच्या नकाशावर फारसे कुठे नव्हते. अटलांटिकच्या काठावरचे, मासेमारीचे, रोमनांच्या काळापासून दीपस्तंभ सांभाळणारे, पिढ्यान्पिढ्या आपली माणसे दक्षिण अमेरिकेला धाडणारे हे बंदर. तिथला डेपोर्तिवो क्लब १८ वर्षे खालच्या श्रेणीत काढून १९९१मध्ये वर आला होता आणि पहिल्याच हंगामात पुन्हा खाली जाता जाता वाचला होता. अध्यक्ष लेंदोइरो यांनी त्या उन्हाळ्यात ब्राझीलहून दोघांना आणले. बेबेटोला का आणले ते सांगायला नको. त्याने पहिल्याच हंगामात २९ गोल करून लीगमधला सर्वाधिक गोलांचा मान पटकावला. दुसरा मौरो सिल्वा. या खरेदीतला धाडसीपणा आज लक्षात येत नाही, कारण आज परदेशी खेळाडूंवर पूर्वीसारखी बंधने नाहीत. त्या वेळी स्पेनमध्ये एका संघाला मैदानावर तीनच परदेशी उतरवता येत. बार्सिलोनाने त्या जागा कशा वापरल्या पाहा. १९९३-९४मध्ये त्यांच्याकडे कूमन, लाउड्रप, स्टॉइचकोव्ह आणि रोमारियो असे चार परदेशी होते, आणि दर आठवड्याला त्यांतल्या एकाला बाहेर बसावे लागे. बचावात्मक मध्यरक्षक त्यांना बाहेरून आणावा लागला नाही, कारण गार्डिओला घरचाच होता. डेपोर्तिवोच्या तीन जागा होत्या बेबेटो, मौरो सिल्वा आणि सर्बियाचा बचावपटू जुकिच यांच्या. तीनपैकी दोन जागा गोल अडवणाऱ्यांवर खर्च केल्या. जन्माने ब्राझीलचा पण स्पेनचे नागरिकत्व घेतलेला डोनाटो चौथा आला, तोही मागच्या फळीसाठीच. ब्राझीलकडून गोल आणि नजाकतच विकत घ्यायची असते, या सवयीला या क्लबने छेद दिला.

त्या हंगामाचे आकडे बोलके आहेत. बार्सिलोनाने ३८ सामन्यांत ९१ गोल केले आणि ४२ खाल्ले. डेपोर्तिवोने ५४ केले आणि खाल्ले फक्त १८. गोलरक्षक लियान्योच्या या विक्रमाची बरोबरी अॅटलेटिकोच्या ओब्लाकने केली ती २०१५-१६मध्ये. दोन्ही क्लबांचे गुण सारखे, ५६. अखेरच्या दिवशी, १४ मे १९९४ला, रियाझोर मैदानावर व्हॅलेन्सियाविरुद्ध शेवटच्या क्षणी ०-० असताना डेपोर्तिवोला पेनल्टी मिळाली. नेहमी पेनल्टी घेणारा डोनाटो बदली होऊन बाहेर गेलेला, बेबेटो पुढे येईना. जुकिच उभा राहिला, त्याने दीर्घ श्वास घेतला आणि मारलेला दुबळा फटका गोलरक्षक गोन्झालेसने पोटाशी धरला. परस्परांतल्या सामन्यांच्या आधारे अजिंक्यपद बार्सिलोनाला गेले. त्या शहराने ही जखम वर्षानुवर्षे सांभाळली, आणि या गोष्टीत मौरो सिल्वाचे नाव कुठेच येत नाही. पेनल्टीपर्यंत संघ पोचला तो ३८ सामन्यांत १८च गोल खाल्ले म्हणून, पण गोष्ट सांगितली जाते ती पेनल्टीची.

यावर खेळाच्या जाणकारांचा आक्षेप असा, की १८ गोलांचे श्रेय मौरो सिल्वाला देणे भाबडेपणाचे आहे. प्रशिक्षक आर्सेनियो इग्लेसियस पाच जणांचा बचाव लावत. जुकिच, व्होरो आणि रिबेरा असे तीन मधले बचावपटू असताना गोल होणारच कमी. आक्षेप रास्त आहे. त्या एका हंगामावरून मीही काही सिद्ध करू पाहणार नाही. पण पुढे काय झाले ते पाहायला हवे. आर्सेनियो गेले आणि वेल्सचे टोशॅक आले, ब्राझीलचे कार्लोस आल्बेर्तो सिल्वा आले, १९९८मध्ये बास्क प्रांतातले इरुरेता आले. चौघांची फुटबॉलची शाळा वेगळी, रचना वेगळ्या, सहकारी बदलले, बेबेटो गेला, रिवाल्डो येऊन गेला, जालमिन्या आला. चौघांच्याही संघात मौरो सिल्वाची जागा राहिली. खेळाडूची किंमत मोजायला मला प्रशिक्षकांच्या निवडीहून चांगले माप माहीत नाही, कारण निवड चुकली तर नोकरी त्यांची जाते. इरुरेतांनी पाच जणांचा बचाव मोडून चौघांचा केला, त्यांच्या पुढे दोन मध्यरक्षक ठेवले आणि उरलेल्या चौघांना हल्ल्यासाठी मोकळे सोडले. १९ मे २००० रोजी एस्पान्योलला २-० हरवून डेपोर्तिवो पहिल्यांदा आणि आजवर एकदाच स्पेनचा विजेता झाला. पहिला गोल डोनाटोचा, दुसरा मकायचा. त्या हंगामात संघाने ४४ गोल खाल्ले आणि ११ सामने गमावले. विजेत्याला हे आकडे शोभणारे नाहीत. तरी तेच ६६ गोल करणाऱ्या संघाचे आकडे आहेत. जालमिन्या, फ्रान, व्हिक्टर, मकाय यांना परत धावायला न लावता खेळू देणारी व्यवस्था होती ती, आणि ती दोन माणसांवर उभी होती. ब्राझीलने १९५८मध्ये शोधलेली तडजोड स्पेनच्या एका बंदरात ४२ वर्षांनी तशीच चालू होती.

प्रत्यक्ष मैदानावर तो काय करत असे, हे लिहून दाखवणे अवघड आहे, कारण त्याचे उत्तम काम न घडलेल्या गोष्टींत असे. मध्यम उंचीचा, रुंद बांध्याचा. समोरचा खेळाडू पास घ्यायला पाठ वळवतो तेव्हा मौरो सिल्वा चेंडूकडे झेपावत नसे; तो आधी पास येण्याच्या वाटेवर एक पाऊल टाके आणि आपले शरीर चेंडू आणि माणूस यांच्यामध्ये घाले. मग चेंडू त्याच्या पायाशी आपोआप आल्यासारखा दिसे. पुढचा पास पाच-दहा मीटरचा, मोकळ्या सहकाऱ्याकडे. लीगमध्ये साडेतीनशेहून अधिक सामने आणि गोल फक्त एक. त्या काळच्या सामन्यांच्या नोंदींत गोल, बदली, पिवळी कार्डे आहेत. अडवलेला पास कुठेच नाही. म्हणून फुटबॉलच्या इतिहासात या व्यवसायाची माणसे पुराव्याअभावी लहान दिसतात. दोष त्यांच्या कामाचा नाही, नोंद ठेवणाऱ्यांच्या वहीचा आहे.

सर्वांत मोठा आक्षेप १९९४च्या विश्वचषकाचा. पारेरांच्या संघात डुंगा आणि मौरो सिल्वा असे दोघे मागे थांबले, ब्राझील २४ वर्षांनी जिंकला, पण देशाला त्या विजयाचा १९८२च्या पराभवाइतका लळा लागला नाही. जिंकले खरे, पण ब्राझीलसारखे नाही, असे अजून म्हटले जाते. प्रेम कुणावर करावे हे पुराव्याने ठरत नाही, ते सोडून देऊ. ‘ब्राझीलसारखे नाही’ हे विधान मात्र तपासता येते. सात सामन्यांत संघाने तीन गोल खाल्ले, हे सगळे सांगतात. बाद फेरीतले निर्णायक गोल कसे झाले ते कमी सांगितले जाते. नेदरलँड्सविरुद्ध २-२ असताना जिंकून देणारी फ्री किक मारली डावा बचावपटू ब्रँकोने. स्वीडनविरुद्ध उपांत्य फेरीतला एकमेव गोल रोमारियोचा हेडर, आणि त्याला क्रॉस दिला उजवा बचावपटू जोर्जिन्योने. निल्टन सांतोस आणि कार्लोस आल्बेर्तो यांच्याच परंपरेतले हे दोन फुलबॅक पुढे होते, कारण त्यांच्या मागची जमीन राखली गेली होती. अंतिम सामन्यात तर पसादेनाच्या उन्हात, ७५व्या मिनिटाच्या सुमारास, मौरो सिल्वानेच लांबून फटका मारला. इटलीच्या पाल्युकाच्या हातातून चेंडू निसटला, गोलपोस्टवर आपटला आणि परत त्याच्याच हातात आला. गोलरक्षकाने हातमोज्याचे चुंबन घेऊन तो पोस्टला लावला. तो चेंडू दोन इंच आत गेला असता, तर विश्वचषक जिंकून देणारा गोल एका वोलान्तेच्या नावावर लागला असता आणि ‘उसन्या शिस्ती’ची कथा आज वेगळी सांगितली गेली असती असे मला वाटते.

डेपोर्तिवोची शेवटची मोठी वर्षे त्याच्या तिशीनंतरची. ६ मार्च २००२ला रिअल माद्रिदच्या शंभराव्या वाढदिवशी, त्यांच्याच मैदानावर भरवलेल्या राजचषकाच्या अंतिम सामन्यात डेपोर्तिवोने त्यांना २-१ हरवले. ७ एप्रिल २००४ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत, पहिला सामना ४-१ हरून आल्यावर, गतविजेत्या मिलानला रियाझोरवर ४-० हरवले. मिलानकडे काका, पिर्लो, सीडॉर्फ होते. मौरो सिल्वा ३६ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

त्याच्यानंतर ही वाट मोठी झाली. जिल्बेर्तो सिल्वा २००२चा विश्वचषक जिंकून, पंचविशी गाठल्यावर आर्सेनलला गेला. कप्तान इमर्सनचा खांदा सरावात निखळला नसता तर तो त्या स्पर्धेत सुरुवातीपासून खेळलाही नसता. २००३-०४चा हंगाम आर्सेनलने एकही सामना न हरता संपवला, तेव्हा मध्यावर तो होता. तोही मौरो सिल्वासारखाच तयार होऊन गेला होता. माझ्या मांडणीची मर्यादा इथेच सुरू होते. बॉस्मन निकालाने १९९५नंतर युरोपीय संघांतल्या खेळाडूंवरची बंधने सैल झाली, क्लबांकडे पैसा आला आणि खरेदीचे वय खाली गेले. फर्नांदिन्यो विशीत शाख्तार दोनेत्स्कला गेला तो पुढे खेळणारा म्हणून. मँचेस्टर सिटीत गार्डिओलांनी त्याला मागे थांबवले. फाबिन्यो उजवा फुलबॅक म्हणून युरोपात आला आणि मोनाकोत मध्यरक्षक झाला. कासेमिरो विशीतच रिअलच्या दुय्यम संघात उतरला, पोर्टोला एक हंगाम उसना राहिला आणि रिअलकडून एकूण पाच चॅम्पियन्स लीग विजेतेपदांचा वाटेकरी झाला. या तिघांवर युरोपचा हात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उसनवारीची मांडणी १९९४च्या संघाला लावली गेली तेव्हा ती खोटी होती. ती खरी होऊ लागली २००५नंतर, ब्राझीलमध्ये वोलान्ते पुरता तयार होण्याआधीच विकला जाऊ लागला तेव्हा.